कृती तीच, केक दर वेळी निराळा: दोष ओव्हनचा, मापाचा की पुस्तकाचा?

तक्रार नेहमीची आहे. पुस्तकातली कृती शब्द न् शब्द पाळली, साहित्य तेच, भांडे तेच, तरी एकदा केक छान फुगतो, पुढच्या वेळी मधोमध बसतो आणि त्यानंतर वरून करपून आत ओला राहतो. मग पुढच्या खेपेला तापमान दहा अंशांनी कमी, बेकिंग पावडर अर्धा चमचा जास्त आणि वेळ पाच मिनिटे वाढवून, असे तिन्ही बदल एकदमच केले जातात. जमले तर कशामुळे जमले ते कळत नाही, आणि बिघडले तरी तीच गत.

काहीही बदलण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधा: पदार्थ दर वेळी एकाच पद्धतीने बिघडतो की कधी असा, कधी तसा? दर वेळी तळ करपत असेल, दर वेळी मध्य बसत असेल, तर दोष कायमचा आहे. म्हणजे ओव्हन नेहमीच जास्त तापतो, कप पुस्तकाच्या कपापेक्षा मोठा आहे, भांड्याचा आकार वेगळा आहे किंवा कृतीच चुकीची छापली आहे. असा दोष एकदा मोजला की सुटतो. आज बसला, उद्या तडकला असे होत असेल तर दोष फिरता आहे. पीठ कपात भरण्याची पद्धत, लोण्याचा मऊपणा, ओव्हन किती वेळ आधी लावला, विजेचा दाब यांपैकी काहीतरी दर वेळी बदलते. फिरता दोष असताना कृतीत फेरफार करणे म्हणजे निव्वळ वेळ आणि साहित्य वाया घालवणे.

सुरुवात काट्यापासून

पुढच्या सगळ्या तपासण्या वजनकाट्यावर अवलंबून आहेत, म्हणून आधी काटा. तो सपाट, टणक ओट्यावर ठेवा. खाली टॉवेल किंवा मऊ चटई असेल तर आकडा डळमळतो. शेगडीजवळ तापलेला काटाही चुकीचे वजन दाखवतो. औषधाची १० मिलीची सिरिंज घ्या, रिकामी वाटी ठेवून काटा शून्य करा आणि सिरिंजभर साधे पाणी सोडा. १० ग्रॅम दिसायला हवेत, पाच सिरिंजांनंतर ५० आणि दहांनंतर १००. शंभराला एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे चालतील. ९४ दिसत असतील तर आधी सेल बदला, आणि तरीही ९४ च दिसले तर काटा बदला. मग एकच भरलेली वाटी काट्याच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा. कोपऱ्यात वजन बदलत असेल तर मोठे पातेले ठेवताना ते अगदी मधोमध ठेवायची सवय लावावी लागेल.

छोट्या वजनांची एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काटा शून्यावर आणून वाटीत यीस्ट किंवा मीठ चिमटीचिमटीने सोडले की आकडा शून्यालाच चिकटून बसतो, आणि मग एकदम २ किंवा ३ वर उडी मारतो. शून्याच्या आसपास अगदी सावकाश वाढणारे वजन पुष्कळ काटे 'सरकलेला शून्य' समजून गिळून टाकतात. त्यामुळे ३ ग्रॅम दिसतात तेव्हा वाटीत ५ पडलेले असू शकतात. उपाय सोपा आहे. वाटी ठेवून शून्य करू नका, तिचे वजन वाचा. समजा ४२ ग्रॅम आले. वाटी खाली उतरवून तीत अंदाजाने यीस्ट घ्या, परत ठेवा, ४५ येईपर्यंत कमी-जास्त करा आणि दर वेळी वाटी उचलूनच ठेवा. शिवाय १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणाऱ्या काट्यावर '३' म्हणजे २.५ ते ३.५ मधले काहीही, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे १७ टक्के फरक. ५ ग्रॅमच्या खालची वजने ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर घ्यावीत, नाहीतर सरळ मापाच्या चमच्याने, सुरीने सपाट करून.

कप आणि चमचे

काटा विश्वासाचा ठरला की कप पाण्याने मोजा. १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम, एवढा हिशेब पुरतो. काठोकाठ भरलेल्या कपात किती ग्रॅम पाणी मावते ते कपाच्या तळाशी लिहून ठेवा. अमेरिकी कप २३६.६ मिलीचा (व्यवहारात २४० धरतात), मेट्रिक कप २५० चा, जपानी कप २०० चा आणि जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला अर्धा पाइंट २८४ चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियन पुस्तकात २० चा असतो. बेकिंग पावडर मोठ्या चमच्याने सांगितली असेल तर हा एक-तृतीयांशाचा फरक केक बसवायला पुरेसा आहे.

पुस्तकाचा कप कोणता, हे लेखक सांगत नसला तरी पुस्तक सांगते. ज्या कृतीत कप आणि ग्रॅम दोन्ही दिले आहेत अशी एखादी ओळ शोधा. अर्ध्या कप लोण्याला ११३ ग्रॅम लिहिले असतील तर कप अमेरिकी. १ कप मैदा १२० किंवा १२५ ग्रॅम असेल तर लेखक पीठ चमच्याने हलकेच कपात सोडून वर सुरी फिरवतो. १४० ते १५० असेल तर कपच पिठात खुपसून भरतो. दोन्ही पद्धती ठीकच आहेत. पण १२० वाल्याची कृती १५० वाल्या हाताने केली तर पीठ चौथ्या हिश्श्याने वाढते, केक कोरडा होतो आणि मधोमध उंच होऊन तडकतो. फिरत्या दोषाचे सर्वांत मोठे कारणही हेच: एकाच घरात एक जण पीठ चाळून भरतो, दुसरा डबा हलवून. ग्रॅम दिले असतील तर कपाला हात लावू नका. नसतील तर एकदा आकडा ठरवा, समासात पेन्सिलने लिहा आणि पुढे वजनानेच करा.

शब्दांचा क्रमही पाहा. '१ कप चिरलेले अक्रोड' म्हणजे चिरून मग मोजायचे. '१ कप अक्रोड, चिरून' म्हणजे अख्खे मोजून मग चिरायचे. अक्रोडात थोडासाच फरक पडतो, पण चाळलेल्या पिठाच्या बाबतीत बराच.

आणि अंडी. 'मोठे अंडे' हे काही एक माप नाही. अमेरिकी मोठे अंडे कवचासह सुमारे ५७ ग्रॅमचे, कवचाशिवाय ५० च्या आसपास. युरोपीय संघाच्या प्रतवारीत मोठे म्हणजे ६३ ते ७३ ग्रॅम, मध्यम ५३ ते ६३. चार अंड्यांच्या केकमध्ये हा फरक ४० ग्रॅमपर्यंत सहज जातो. पुस्तक कुठले ते पाहा, अंडी फोडून एकत्र फेटा आणि वजनाने घ्या. उरलेला चमचाभर गर बाजूला काढायला जीव खालीवर होऊ देऊ नका.

थर्मामीटर

टोचायचा थर्मामीटर असेल तर उंच पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, फटी भरतील एवढेच थंड पाणी घाला, ढवळा आणि दोन मिनिटांनी टोक मध्यभागी, तळाला न टेकवता धरा. शून्य दिसले पाहिजे. बर्फ कमी आणि पाणी जास्त झाले तर २–३ अंश येतात आणि विनाकारण थर्मामीटर बदनाम होतो. उकळत्या पाण्यात तपासताना उंची लक्षात घ्या: समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअस, पुढे दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी. ६०० मीटरवर ९८ दिसले तर थर्मामीटर बरोबर आहे. तबकडीच्या थर्मामीटरचा संवेदक टोकापासून वर पाचेक सेंटिमीटरपर्यंत पसरलेला असतो. नुसते टोक टोचून बिस्किटाचे तापमान त्याने कळणार नाही.

ओव्हन: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

बटणावर १८० लिहिले आहे म्हणून आत १८० असते असे नाही. थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) तापणारा रॉड चालू-बंद करत राहतो आणि आतले तापमान ठरवलेल्या आकड्याच्या खालीवर हेलकावे घेते. लहान ओव्हनमध्ये हे हेलकावे मोठे असतात, कारण भिंती पातळ आणि हवा थोडी. प्रीहीटचा दिवा गेला याचा अर्थ संवेदकाजवळची हवा तापली, एवढाच. भिंती आणि जाळी अजून मागे असतात. दार उघडून टिन (केकचे भांडे) आत ठेवला की गरम हवा निघून जाते, आणि भिंती नीट तापलेल्या नसतील तर ओव्हन लवकर सावरत नाही.

तपासणी अशी करा. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मधल्या जाळीच्या मध्यावर, जिथे टिन ठेवता तिथेच ठेवा. १८० वर लावा, दिवा गेल्यावर आणखी २० मिनिटे थांबा. मग दार न उघडता काचेतून दर ५ मिनिटांनी आकडा लिहा, आठ वेळा. समजा आकडे १७२, १९६, १८१, १६८, १९४, १८३, १७०, १९२ असे आले. सरासरी १८२, म्हणजे ओव्हन बरोबर आहे, मात्र हेलकावा २८ अंशांचा आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या केकला त्याने फारसे बिघडत नाही. १० मिनिटांच्या बिस्किटांना मात्र बिघडते: एक ट्रे १९६ च्या शिखरावर भाजला जातो, दुसरा १६८ च्या तळाशी, आणि दोष पिठावर येतो. अशा ओव्हनमध्ये ट्रे नेहमी एकाच क्षणी आत घाला, रॉड नुकताच बंद झाला की लगेच. लालबुंद रॉडखाली ठेवलेला केक आत शिजायच्या आधी वरून रंगतो.

सरासरीच २०५ आली तर बटण १५५ च्या आसपास लावून पुन्हा मोजा. फरक सगळीकडे सारखा असेलच असे नाही. १५० ला ५ अंश आणि २२० ला ३० अंश असे होऊ शकते. म्हणून १५०, १८० आणि २२० या तिन्ही ठिकाणी मोजून एक चिठ्ठी ओव्हनच्या बाजूला चिकटवा.

थर्मामीटर नसेल तर साखर वापरा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून १७५ वर, पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये १५ मिनिटे ठेवा. ती वितळली तर ओव्हन आकड्यापेक्षा गरम चालतो. नवी साखर घेऊन १९० वर तेच करा. १५ मिनिटांत वितळली नाही तर ओव्हन थंड चालतो. वेळ १५ मिनिटांच्या पुढे नेऊ नका, कारण साखर बराच वेळ तापत राहिली तर कमी तापमानालाही तपकिरी होऊन ओलसर पडते आणि निष्कर्ष चुकतो.

ओव्हन कुठे जास्त तापतो हे पाहायला जाळीवर ब्रेडचे काप शेजारी शेजारी मांडा, १८० वर दहाएक मिनिटे भाजा आणि काप जागचे न हलवता फोटो काढा. मागचा एखादा कोपरा काळा आणि दाराजवळची रांग पांढरी, असे चित्र बहुतेक ओव्हनांत दिसते. त्यावरून टिन कुठे ठेवायचा आणि कधी फिरवायचा ते ठरते. केक असेल तर दोन-तृतीयांश वेळ उलटल्याशिवाय फिरवू नका, त्याआधी त्याचा मध्य धरलेला नसतो. टिनाच्या चारही बाजूंनी किमान ३–४ सेंटिमीटर जागा मोकळी हवी. जाळीभर मोठा ट्रे ठेवला की खालची उष्णता खालीच अडते, तळ करपतो आणि वरचा भाग पांढराच राहतो.

ओव्हनमधला पंखा चालू असेल तर तापमान २० अंशांनी कमी लावा, पुस्तकात पंख्याचा आकडा वेगळा दिला नसेल तर. आणि फॅरनहाइटचा घोळ जमेस धरा: ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस. कुणी ते १७५ छापते, कुणी १८०, आणि दोन्ही चालतात.

एकच ओव्हन सकाळी बरा आणि संध्याकाळी मंद चालतो का? विजेचा दाब पाहा. रॉडची उष्णता दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. दाब १० टक्के घसरला तर उष्णता सुमारे १९ टक्के घटते. थर्मोस्टॅट शेवटी ठरलेल्या तापमानाला नेतो, पण दार उघडल्यावर सावरायला खूप वेळ लावतो, आणि केकच्या फुगण्याची नेमकी तीच मिनिटे असतात. अशा वेळी प्रीहीट अर्ध्या तासाहून जास्त करा आणि खालच्या जाळीवर जाड लोखंडी पत्रा किंवा पिझ्झा स्टोन तापत ठेवा. तो उष्णता साठवून धरतो. फक्त रॉडला टेकू देऊ नका.

टिन

२० सेंटिमीटर गोल टिनाचे क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी, २३ सेंमी गोलाचे ४१५, आणि २० सेंमी चौकोनाचे ४००. म्हणजे २३ चा गोल आणि २० चा चौकोन जवळपास एकच, पण २० चा गोल आणि २० चा चौकोन मुळीच नाही. २० च्या गोलाची कृती २३ च्या गोलात ओतली तर थर पाऊणपटच जाड होतो, लवकर शिजतो आणि पुस्तकाच्या वेळेपर्यंत ठेवला तर वाळतो. काळपट टिन आणि काचेचे भांडे यांत कडा लवकर भाजतात. तापमान १५ अंशांनी उतरवा.

केक कापून वाचा

बसलेला केक फेकण्याआधी मधोमध उभा कापा. मध्य बसलेला आणि ओला, चिकट असेल तर तो शिजलाच नव्हता: ओव्हन थंड, वेळ कमी किंवा दार लवकर उघडले. मध्य बसलेला पण कोरडा आणि मोठमोठ्या भोकांचा असेल तर बेकिंग पावडर किंवा सोडा जास्त झाला. बुडबुडे भराभर वाढून एकमेकांत फुटले आणि पीठ धरायच्या आत सगळे खाली आले. तळापासून वर जाणारी लांब बोगद्यांसारखी भोके दिसली तर मैदा घातल्यावर फार फेटले गेले. उंच घुमट, तडकलेला माथा आणि गडद कडा म्हणजे ओव्हन गरम किंवा टिन लहान. वरून फिकट आणि आतून दाट म्हणजे ओव्हन थंड किंवा पावडर जुनी.

पावडर तपासायला अर्धा चहाचा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली पाहिजे. सोड्यासाठी पाण्याऐवजी व्हिनेगर. ताजेपणाबरोबर प्रमाणही पाहा: १२०–१२५ ग्रॅम मैद्याला साधारण एक चहाचा चमचा बेकिंग पावडर किंवा पाव चमचा सोडा पुरतो. पुस्तकात याच्या तिप्पट दिसले, किंवा सोडा आहे पण ताक, दही, लिंबू, मध, नैसर्गिक कोको असे आंबट काहीच नाही, तर शंका घ्यायला हरकत नाही.

लोण्याचे तापमान हा फिरत्या दोषाचा दुसरा मोठा धनी. साखरेबरोबर फेटायचे लोणी १८ ते २० अंशांचे हवे: बोट दाबले की खळगा पडतो, पण बोट तेलकट होत नाही. उन्हाळ्यात 'खोलीच्या तापमानाचे' लोणी इतके ढिले पडते की त्यात हवा टिकत नाही. थंडीत तेच ओट्यावर दगड राहते. त्यात फ्रिजमधली ४ अंशांची अंडी ओतली की मिश्रण फाटते. थर्मामीटर आहेच, तर लोण्यात टोचून पाहा.

पुस्तकच चुकले असेल तर

इथपर्यंत सगळे नीट निघाले आणि पदार्थ तरीही दर वेळी त्याच पद्धतीने बिघडतो, तरच कृतीवर बोट ठेवा. यादीतली प्रत्येक वस्तू कृतीत वापरली आहे का ते आधी पाहा. साखर दोनदा विभागून घालायची असताना दुसरा उल्लेख गाळलेला असतो, हे छापील पुस्तकांत पुष्कळदा सापडते. मग त्याच प्रकारच्या आणखी दोन कृती शेजारी ठेवा आणि सगळे मैद्याच्या टक्क्यांत मांडा: मैदा १००, साखर किती, लोणी किती, द्रव किती. तिघींपैकी एकीतच द्रव दीडपट असेल तर चूक तिथेच आहे. कृती करून पाहताना एका वेळी एकच गोष्ट बदला. पीठ ओतल्यावर टिनाचे वजन आणि भाजून निघाल्यावरचे वजन, दोन्ही लिहा. दोन खेपांत घट सारखी असेल तर भाजणे सारखे झाले, आणि जो फरक दिसतो तो तुम्ही केलेल्या बदलाचा.

वेळेच्या आकड्याला मात्र कधीच प्रमाण मानू नका. लोण्याच्या केकचा मध्य ९६ ते ९८ अंशांना पोचला की तो झाला, मग घड्याळात काहीही वाजलेले असो (उंचावर राहत असाल तर दोन-तीन अंश कमी धरा). कांदा गडद तपकिरी, गोडसर होईपर्यंत परतायला पुस्तके '१० मिनिटे' म्हणतात. मंद आचेवर त्याला ४० मिनिटे सहज लागतात, आणि दहा मिनिटांत आटपायला आच वाढवली तर तो कडेने करपतो.

कढई किंवा पॅन एका बाजूला जाळते अशी तक्रार असेल तर तळावर मैद्याचा पातळ, एकसारखा थर भुरभुरवा आणि मध्यम आचेवर ठेवा. जिथे आधी तपकिरी होईल तिथे भांडे जास्त तापते. मग भांडे अर्धे फिरवून नव्या मैद्यावर तेच करा. डाग भांड्याबरोबर फिरला तर दोष भांड्याचा, जागेवरच राहिला तर शेगडीचा. नॉनस्टिक पॅनवर ही चाचणी मंद आचेवरच करा आणि मैदा रंगू लागताच थांबा. रिकामे पॅन २६० अंशांपलीकडे गेले की त्याचा लेप खराब होऊ लागतो.